धाकट्याची सॅक

सोमवार, ३ नोव्हेंबर
बायकोनं माझं नाव नोंदवलंय. कुठं? तर डोंगरात! पाच दिवस, तंबूत राहायचं, सामान आपल्याच पाठीवर. मी बावन्न वर्षांचा घड्याळजी. दुकानातून घरी येताना दोन जिने, एवढीच माझी चढाई. म्हणाली, "सारखं खाली बघून मान आखडलीय तुमची. जरा वर बघा." फॉर्म भरून मोकळी झाली, मग मला सांगितलं.
जोडीदार कोण, विचारलं. "भावजी."
म्हणजे माझा धाकटा भाऊ. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. आणि आता एका तंबूत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आणखी एक. बायको सांगते, डोंगरात नेणाऱ्या गटाचा नियम आहे — आपली सॅक आपण भरायची नाही, जोडीदाराची भरायची. वाटेत एक आडवा झाला तर दुसऱ्याला ठाऊक हवं, औषध कुठं आणि कोरडे कपडे कुठं. पटण्यासारखं आहे, म्हणूनच जास्त चीड आली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
धाकट्याची बायको त्याची रिकामी सॅक आणि कपड्यांचं बोचकं ठेवून गेली, माझं घेऊन गेली. त्याआधी दोघी जावा तासभर स्वयंपाकघरात खुसुखुसु हसत होत्या.
बोचक्यात दोन जीन्स! भिजल्या की दोन दिवस वाळत नाहीत. "त्याला सांग," म्हटलं, तर बायको म्हणते, "मी काय पोस्टमन आहे?" मग चिठ्ठी लिहिली — जीन्स चालणार नाहीत. वर नाव नाही, खाली सही नाही.
संध्याकाळी उत्तर आलं. माझे इस्त्रीचे दोन पांढरे शर्ट परत, वर चिठ्ठी — डोंगरावर कुणाला दाखवायचेत? लबाड! बायकोकडं पाठ करून हसून घेतलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
सकाळपासून भरतोय. झोपायची पिशवी तळाला, जड ते पाठीला लागून, रेनकोट सगळ्यात वर. पाठीवर घेऊन दोन जिने चढून पाहिलं. डावीकडं कलते. उपसली, पुन्हा भरली. असं तीनदा. शेजारचे काका जिन्यात भेटले. "घर सोडून चाललात की काय?" म्हटलं, "हो, कंटाळलो."
मोज्यांपाशी हात थांबला. त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा जरासा मोठा. लहानपणी बूट घेताना आई दुकानदाराशी हुज्जत घालायची. म्हणून उजव्याला पातळ, डाव्याला जाड, अशा जोड्या लावल्या. बायको म्हणाली, "जोड्या चुकल्या हो." म्हटलं, "नाही चुकल्या."

रविवार, ९ नोव्हेंबर
लिहूनच टाकतो. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा तो अगदी शेवटच्या दिवशी पोचला. मी दारातच, सगळ्यांदेखत म्हणालो, "ये, पाहुण्यासारखा आलास." एवढंच. तो सगळं उरकेपर्यंत राबला, आणि गेला तो गेलाच.
ते वाक्य मला परत घ्यायचंय. या पाच दिवसांत जमलं नाही तर पुढं कधी जमणार नाही. भीती डोंगराची नाहीच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
वजन केलं. त्याची साडेनऊ किलो. माझी म्हणे दहाच्या वर. काय कोंबलंय देव जाणे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
तो स्वतः आला, बरोबर त्याची बायको आणि माझी भरलेली सॅक. पट्टे माणसाच्या पाठीवरच बसवावे लागतात, तिथं चिठ्ठी चालत नाही. तो रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, बोलण्याची तऱ्हा तीच. दोन वर्षांनी पहिले शब्द — "हात सैल सोड. श्वास घे."
घेतला. तो मागं उभा राहून पट्टा ओढत होता. तोंड दिसत नव्हतं, म्हणून धीर झाला. म्हटलं, "मी दारात जे बोललो ना, ते बोलायला नको होतं."
तो पट्टा ओढायचा थांबला. मग म्हणाला, "दादा, खरं होतं म्हणून लागलं." पट्टा पुन्हा ओढत, "घट्ट होतंय का?"
"होतंय."
सैल केला. मी पुन्हा श्वास घेतला. स्वयंपाकघरात चिडीचूप, दोघी कान टवकारून उभ्या असणार. चहा आला तो पार गार.

शनिवार, १५ नोव्हेंबर. डोंगराच्या पायथ्याशी.
गटप्रमुख बाई कडक आहेत. त्यांना म्हटलं, तुमच्या नियमाप्रमाणं याची सॅक मी भरलीय, माझी यानं. बाई चक्रावल्या. "असला कुठला नियम? आमच्याकडं ज्याची त्यानं भरायची. पंधरा मिनिटं आहेत, उघडून नीट बघून घ्या."
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. घरच्या दोघींकडं परत गेल्यावर बघू.
सॅका पाठीवर घेतल्या. उघडली कुणीच नाही.