कसे वाटले, हे विचारणाऱ्यांच्या नावे

मी, श्रीमती शालन शिवराम गमरे, वय वर्षे ५९, धर्म बौद्ध, निवृत्त कामगार, राहणार आयरे रोड, डोंबिवली (पूर्व), जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाबरू नका, पण कागदपत्रं नीट करून या." ठाण्याच्या वकिलांनी दीड पानाचा मसुदा करून दिला. त्यात चूक काही नव्हती, पण तो कोणत्याही बाईच्या नावाने चालला असता. म्हणून कलमे त्यांची ठेवून मजकूर माझा घातला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. आयरे रोडवरील माझी एक खोली व स्वयंपाकघराची जागा मी १९८४ साली स्वतःच्या कमाईतून घेतली. माझे पती शिवराम १९७९ सालीच वारले. त्या जागेत दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही. ती माझी एकुलती मुलगी प्रमोदिनी हिला मिळावी. ती १९८८ पासून लंडनला नर्स आहे. विकायची की ठेवायची ते तिचे ती ठरवील. फक्त आईची आठवण म्हणून कुलूप घालून ठेवू नये. बंद घराला वाळवी लागते.

कलम २. माझा रेकॉर्ड प्लेअर, हेडफोन आणि दोन स्पीकर माझे जावई डेल्रॉय यांना द्यावेत. त्यांच्याकडे याहून चांगले आहेत, हे मला माहीत आहे. तरीही द्यावेत. कारण लिहिते.

१९६६ ते १९९० मी ठाण्याजवळच्या एका रेकॉर्डच्या कारखान्यात होते. माझे काम ऐकण्याचे. शंभरातली एक रेकॉर्ड उचलायची, काचेच्या खोलीत बसून दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या आणि चिठ्ठी भरायची. चिठ्ठीवर पास आणि नापास असे दोन चौकोन, आणि खाली कारण: टिकटिक, खरखर, भोक मधोमध नाही, तबकडी वाकडी. गाणे कसे आहे हे लिहायला जागा नव्हती. एकदा मी म्हटले, "साहेब, या गाण्यात बाईंचा आवाज फार छान लागलाय." साहेब म्हणाले, "शालनबाई, आम्ही तुमचे कान घेतलेत, मत नाही." माणूस वाईट नव्हता. पण त्यानंतर मी कधी बोलले नाही.

रेकॉर्डचा विभाग बंद झाला, तेव्हा भंगारात निघालेला प्लेअर मला निरोपादाखल मिळाला. कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मी आपणहून पिशवीत टाकला. न विचारता आणला, हे येथे कबूल करते.

कलम ३. कपाटातील बिस्किटांच्या डब्यात प्रमोदिनीची नऊ पत्रे आहेत, ती तिची तिला परत द्यावीत.

१९९१ साली तिने कळवले की ती डेल्रॉयशी लग्न करते आहे. त्याचे आईवडील जमैकाहून इंग्लंडात आलेले, आणि तो नाचाच्या रेकॉर्ड तयार करतो. माझे धाकटे दीर धोंडीबा ठाण्यात खोपटला राहतात, ते तिथे चार माणसांत म्हणाले, "मुलगी आपल्याला मेली." लोक आजही त्यांनाच बोल लावतात. ते खरे नाही. दीर नुसते बोलले, गप्प मी बसले. त्या पहिल्या पत्राला मी उत्तर दिले नाही, आणि नंतरची नऊ तर उघडलीही नाहीत. तीन वर्षे.

कलम ४. लंडनहून आलेल्या अकरा रेकॉर्ड. त्यांची वाटणी पुढे आहे. आधी त्या कशा आल्या ते.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये पोस्टातून एक चौकोनी पार्सल आले. आत काळी तबकडी, मधला कागद पांढरा, त्यावर एक अक्षर नाही. चिठ्ठी नाही, पत्र नाही. प्रमूने बरोबर ओळखले होते. आई पत्र उघडणार नाही, पण रेकॉर्ड न ऐकता ठेवणे तिला जमणार नाही.

मी लावली. पहिली दोन मिनिटे वाटले, प्लेअर बिघडला. ढोल इतक्या घाईत, की जणू कोणी ढोल फोडून त्याचे तुकडे भलत्याच क्रमाने जोडलेत. आणि त्याखाली एक जाडा आवाज, अगदी सावकाश, शीळफाट्याच्या चढाला भरलेला ट्रक गिअर बदलतो तसा. त्या जाड्या आवाजावर सुई उडाली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच उडाली. मी सवयीने चिठ्ठी ओढली आणि भरली: "नापास. बाजू पहिली. जाड्या आवाजात सुई खाच सोडते. तो आवाज दोन्ही कानांत सारखा, मधोमध ठेवावा. भोकही केसभर सरकले आहे." आणि पोस्टात टाकली. मुलीवर राग होता, पण नापास माल कळवायचा नाही, हे माझ्याने होईना.

महिन्याने दुसरी रेकॉर्ड आली. सुई उडाली नाही. या वेळी सोबत प्रमूच्या अक्षरात दोन ओळी होत्या: "आई, डेल्रॉयने सगळं दुरुस्त केलं. तो विचारतो, ते ठीक, पण कसं वाटलं?"

कारखान्यातल्या चोवीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी उठले, वही घेतली आणि चार पाने लिहिली. नाचाच्या या संगीताला तिकडे 'जंगल' म्हणतात, हे मला त्याच्या उत्तरातून कळले.

माझी मते थोडक्यात नोंदवते, म्हणजे माझ्यामागे कोणी उलटसुलट सांगणार नाही. जंगल मला आवडते. पाय ढोलाबरोबर धावतात आणि छाती खालच्या आवाजाबरोबर चालते. एकाच अंगात घाई आणि निवांतपणा दोन्ही राहतात. घर आणि नोकरी सांभाळलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. डेल्रॉयच्या मित्राची चार सारख्या ठोक्यांची रेकॉर्ड मला आवडली नाही. तसे ठोके कारखान्याची मशिने मारत, आणि ते ऐकायचा मला पगार होता. रिमिक्सबद्दल माझे मत असे: दुसऱ्याची लेक घरी आणावी, तिला नवे लुगडे नेसवावे, नव्या वाटा दाखवाव्यात, पण तिचा आवाज चिरडून टाकू नये. चौथ्या रेकॉर्डमध्ये गाणाऱ्या बाईचे एकच अक्षर कापून साठ वेळा वाजवले आहे. मी लिहिले, "तिला वाक्य पुरे करू द्या." सातव्या रेकॉर्डमध्ये त्याने तिला पुरे करू दिले. ती सातवी सगळ्यांत उत्तम आहे.

ती सातवी, आणि पहिली नापास, प्रमोदिनीला. बाकीच्या नऊ विहाराच्या वाचनालयाला, तिथल्या मुलींनी दार लावून नाचावे म्हणून.

मागच्या डिसेंबरात दोघे डोंबिवलीला आले. डेल्रॉय दारात वाकला, चप्पल काढली आणि पाठ करून आणलेले "जय भीम, आई" म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमूच्या हाती तो डबा लागला.

"आई, तू उघडलीसच नाहीस?"

मी डब्याचे झाकण उचलून बाजूला ठेवले.

"अगं, नऊच्या नऊ? रागानं?"

"भीतीनं," मी म्हटले. "आत तू सुखात असलीस तर? माझा राग खोटा पडला असता."

ती रडेल असे वाटले. ती जमिनीवर बसली, एकेक पाकीट फोडले आणि मला वाचून दाखवू लागली. पहिल्या पत्रात लग्नाची साडी, तिसऱ्यात नव्या घरातली ओल, सहाव्यात पोटातले बाळ राहिले नाही ते. तिथे तिचा आवाज थांबला. डेल्रॉयला मराठी येत नाही, पण त्याने उठून तिला पाणी दिले. त्याला कुठले पत्र ते कळले होते. मी तिचे डोके मांडीवर घेतले आणि उरलेली तीन पत्रे मी वाचली, मोठ्याने. तिने माफी मागायला लावली नाही. मी मागितली.

कलम ५. माझी शिवणाची मशीन व तांब्याचा बंब खालच्या मजल्यावरच्या मीराबाई भोईर यांना. जातीच्या आगरी, बाजारात मासळी विकतात. पहिली रेकॉर्ड वाजली तेव्हा धावत वर आल्या होत्या: "अगो शालन, भांड्यांचा टोपला जिन्यावरशी पारला कं काय?" तिसऱ्या रेकॉर्डला त्याच पदर खोचून नाचल्या. माझ्या दुखण्यात दोन महिने रोजचे जेवण त्यांच्याकडून आले. मशीन ही त्याची परतफेड नव्हे, ती होणार नाही.

कलम ६. दीर धोंडीबा यांना मी काहीही ठेवलेले नाही. राग नाही. ऑपरेशनचे ऐकून ते परवा खोपटहून आले आणि म्हणाले, "वहिनी, प्रमूचा पत्ता देतेस? मला दोन ओळी लिहायच्यात." पत्ता दिला. मी त्यांना साक्षीदार व्हा म्हटले. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील सांगतात, तेव्हा त्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

कलम ७. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधे व्हावेत. डेल्रॉयला खांदा द्यायचा असेल तर कोणी अडवू नये.

कलम ८. उशीखाली माझा पासपोर्ट आहे. गेल्याच महिन्यात आला. चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारले, "मावशी, या वयात कशाला?" प्रमूला मार्चमध्ये मूल होणार आहे, हे मी त्याला सांगितले, दिरांना अजून सांगितलेले नाही, ते सही करताना वाचतील. पासपोर्ट कोणाच्या नावे करता येत नाही. म्हणजे एवढी एक वस्तू माझीच राहते. गुरुवारनंतर मी घरी आले, तर वरची सर्व कलमे कपाटात पडून राहतील, आणि मी तिकीट काढीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: शालन शिवराम गमरे

साक्षीदार:
१. धोंडीबा विठू गमरे, खोपट, ठाणे (वाचले. वहिनी, तिकिटाला मी येतो बरोबर.)
२. भगवान गोविंद साळवे, आयरे रोड, डोंबिवली (पूर्व)

स्थळ: डोंबिवली
दिनांक: २२ नोव्हेंबर १९९७