वाघ्या कुशीवर झोपायचा

बारामती,
बुधवार, दुपार

प्रिय शालन,

सप्रेम जय भीम. 'प्रिय' लिहिलं आणि पेन थांबला. सेहेचाळीस वर्षांत तुला असं कधी लिहिलं नाही, लिहायची वेळच आली नाही. हाक मारली की तू होतीस. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, म्हणजे विहारातल्या प्रौढ वर्गात शिकवलं तसं बोट ठेवून तुला वाचता येईल. घाई करू नकोस. पोस्टात टाकलं असतं तर पत्र सूनबाईच्या, तेजश्रीच्या हातात पडलं असतं, म्हणून तुझ्या माहेरच्या रंगूबाईजवळ देतोय. ती डोळे तपासायला इथं आली होती, उद्या जाताना इंदापूरला तुझ्याकडं उतरेल. तिला वाचता येत नाही, हे या कामाला बरंच झालं. तरी पाकीट दोन्हीकडून चिकटवलंय. तिनं मला विचारलं, "एवढं काय लिवलंय दाजी, खरेदीखत हाय का काय जमिनीचं?" मी म्हणालो, व्हय, तसंच समज.

तिकडच्या लेकाची, समाधानची बदली चंद्रपूरला झाली, हे मला परवा जेवताना कळलं. तेही इकडची सून अंजली आपल्या बुद्धघोषला सांगत होती, मी शेजारी ताटावर होतो म्हणून ऐकू आलं. येत्या सोमवारी तुम्ही सगळे निघणार. इंदापूर इथून दीड तासावर, तरी चौदा महिन्यांत माझं एकदाच येणं झालं. चंद्रपूर कुठं आहे ते नातीच्या, छकुलीच्या पुस्तकातल्या नकाशात शोधलं. पार दुसऱ्या टोकाला आहे. आता मी त्र्याहत्तरचा. फोनवर तरी बोलशील म्हटलं तर इथून स्पीकर लावतात आणि तिकडून उत्तर येतं, आईंचे हात पिठात आहेत, आई अंघोळीला गेल्यात, आई बाळाला झोपवतायत. चौदा महिन्यांत तुझे हात एकदाही रिकामे सापडले नाहीत. मी समजायचं ते समजलो. बाळाच्या बारशाला आलो तेव्हाही तू बायकांतून उठली नाहीस. चहा तेजश्रीच्या हाती पाठवलास. बिनसाखरेचा होता. माझी साखर वाढलीय एवढं तुझ्या ध्यानात होतं, त्यावरच समाधान मानून परत आलो.

इथलं सांगतो. माझी खाट हॉलमध्ये होती आणि खाटेसमोर माशांची काचेची पेटी. छकुलीच्या नवव्या वाढदिवसाला बुद्धघोषनं आणली. वर दिवा, हवेचे बुडबुडे सोडायला एक यंत्र आणि पाणी कोमट ठेवायला विजेची कांडी. हे मासे उष्ण मुलखातले, गारठ्यात मरतात म्हणे. मला त्या कांडीची फार धास्ती. पाण्यात कुणी वीज सोडतं का? उजनी धरणातली चिलापी आपण जन्मभर रस्सा करून खाल्ली, पण मासा झोपतो का, असं एकदाही मनात आलं नाही. झोपतो. माळेगावला साखर कारखान्यात बॉयलरवर मी तीस हंगाम काढले, दर आठवड्याला पाळी बदलायची, त्यात माझी झोप मोडली ती मोडलीच. चार वाजले की डोळा उघडतो. मग घरातली माणसं उठेपर्यंत रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात बघायला मासेच होते.

त्यांना पापण्या नसतात. डोळे सताड उघडे ठेवूनच झोपतात. निळ्या-तांबड्या रेघेचे बारके मासे आहेत, त्यांना निऑन म्हणतात. ते दिवसभर घोळका सोडत नाहीत. झोपताना मात्र घोळका मोडतो. एकेक जण सुटा, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं, आणि अंगावरची रेघ धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याच्या काठासारखी. सकाळी दिवा लागला की रंग परत चढायला थोडा वेळ जातो. गप्पी वाळूच्या जरा वर अधांतरी उभे राहतात, शेपटी तेवढी हलते. मिशीवाले तळाला पोट टेकून बसतात. लांब शेपटीचा एक भांडखोर आहे, त्याला रुंद पान सापडलं की त्यावर अंग टाकतो, लग्नघरात गादी सापडल्यावर तुझा थोरला भाऊ टाकतो तसंच. आणि पट्ट्यापट्ट्यांचा एक होता. छकुली त्याला वाघ्या म्हणायची.

होता म्हणालो, त्याचं कारण सांगतो. महिना झाला असेल. पहाटे बघतो तर वाघ्या दगडाशेजारी कुशीवर आडवा. अंगाचा पिवळा रंग उतरलेला, हालचाल नाही. दिवसभर पेटीत धिंगाणा घालणारा तो एकटाच, आणि असा पडलेला. काचेवर बोटानं टकटक केलं, तरी हलला नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, पोरगी सहाला उठणार, हे बघणार आणि शाळेला जाताना रडणार. मी चहाची गाळणी घेतली, त्याला काढलं आणि गॅलरीतल्या कुंडीत माती उकरून झाकलं. कारखान्यात सवय होती ना, पुढच्या पाळीचा माणूस यायच्या आत घाण आवरून ठेवायची. हातात घेतल्यावर तो एकदा वळवळला. मला वाटलं, माझाच हात कापतोय. हात तर आताशा कापतातच.

वाघ्या झोपला होता, शालन. त्या जातीचा मासा तसाच झोपतो, कुशीवर, मेल्यासारखा. छकुलीला ठाऊक होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. वाघ्या कुठं म्हणून तिनं विचारलं, मी कुंडी दाखवली, तिनं ती उकरली. ओरडली नाही की रडली नाही. मातीनं माखलेला मासा तळहातावर घेऊन माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, तो झोपला होता." अंजली मागून म्हणाली, "आबा, झोपलेलं आणि मेलेलं तरी कळायला नको का?" आणि बुद्धघोष दात घासता घासता हसला, "आबांनी जिवंत समाधी दिली त्याला." त्यालाच कडेवर घेऊन तू दवाखान्यात धावायचीस, आठवतं? मला हसू आलं नाही. पण मी हसलो.

त्यानंतर मला धीर निघेना. अंधारात आणखी कुणी मेलं आणि माझ्यावर आलं तर? म्हणून घर निजलं की मी पेटीचा दिवा लावून ठेवायचो. बघत राहायचो, सगळे हलतायत ना. आठ दिवसांत निऑन कोपऱ्यात तोंड खुपसून बसायला लागले, खाणं सोडलं, दोन गेले. बुद्धघोषनं मला आणि छकुलीला स्टँडजवळच्या माशांच्या दुकानात पाठवलं. दुकानदार सुयोग म्हणून आहे, पोरगेलासा, पण बोलायला गोड. तो म्हणाला, "आबा, यांना पापण्या न्हायत, अंधार हीच यांची पापणी. तुमी दिवा लावून यांना रातपाळी लावली की." छकुलीनं त्याला विचारलं, झोपलेला आणि मेलेला ओळखायचा कसा? त्यानं सांगितलं, कल्ले बघायचे. झोपेतही कल्ला हलतो, पण फार सावकाश, म्हणून घाई करायची नाही, बसून बघायचं. तिनं माझ्याकडं बघितलं. नऊ वर्षांच्या पोरीनं तसं बघू नये.

घरी आलो तर माझी खाट मागच्या गॅलरीत होती, कपडे धुवायच्या मशीनशेजारी. "आबांना तिथं हवा लागेल," अंजली म्हणाली. थंडी लागते, हवा कसली. पण तिला दोष देत नाही, वाटणीत मी तिच्या पदरात पडलेलो. आपल्या गावी, कळंबच्या घरात, वाटणीच्या त्या रविवारी काय झालं ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. पोरांची दोन्ही घरं दोन-दोन खोल्यांची. दोघांना एकत्र ठेवायला जागा कुणाकडंच नाही. तेजश्रीला दिवस गेले होते, म्हणून आई तिकडं. छकुली शाळेतून येते तेव्हा घर उघडं लागतं, म्हणून आबा इकडं. आईबाप कुठले, एक सुईण आणि एक राखणदार वाटून घेतले. निदान तुझ्या भावानं विचारलं तरी, "दाजी, तुमी बोला की. तुमचं काय म्हणणं हाय?" तू चौकटीला टेकून माझ्याकडं बघत होतीस. मी म्हणालो, पोरं करतील ते खरं. नको म्हटलं तर दोघंही आपल्याला टाकतील, असं वाटलं मला. बॉयलरचा काटा जरा चढला की सगळ्यांत आधी मी ओरडायचो, भित्रा म्हणून हसायचे लोक. त्या दिवशी ओरडायचं होतं, तर गप्प बसलो.

पण ते तू तुझ्या कानांनी ऐकलंस, ते सांगायला पत्र कशाला लिहू? सांगायचं आहे ते त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. सकाळी समाधान टेम्पो घेऊन आला. तू ट्रंक बाहेर दिलीस, चूल सारवलीस आणि माझ्या खाटेजवळ आलीस. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. "अवो, निगते मी," म्हणालीस. थोड्या वेळानं परत म्हणालीस. समाधान दारातून म्हणाला, झोपू दे आई त्यांना. तू माझ्या पायांवर चादर ओढलीस आणि बराच वेळ तिथंच उभी राहिलीस. शालन, मी जागा होतो. तोंड वळवलं असतं तर तू माझं तोंड बघितलं असतंस, आणि मला तुझं बघवलं नसतं, म्हणून डोळे घट्ट मिटून पडलो, टेम्पोचा आवाज वळणावर जाईपर्यंत. झोपेत मी घोरतो हे आख्ख्या आळीला माहीत. त्या सकाळी मला घोरायचं सुचलं नाही. तुला तेव्हाच कळलं होतं का? एवढंच मला विचारायचं आहे. कळलं असेल तर तू बोलत नाहीस ते बरोबरच आहे. कळलं नसेल तर आता कळलं, आणि यापुढं बोलू नकोस असं मीच सांगतो. रविवारी सकाळच्या गाडीनं मी इंदापूरला येतोय, इथं कुणाला न विचारता. बोलायचं नसेल तर भिंतीकडं तोंड करून पडून राहा. मी हाक मारणार नाही. तू जागी आहेस ते मला कळेल, मी जरा बसेन आणि दुपारच्या गाडीनं परत जाईन.

तुझाच,
धोंडीबा