नदीच्या अलीकडची रेष

९ जून

रोजनिशी लिहावी इतके माझ्या आयुष्यात काही घडत नाही. तरीही लिहायला बसण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. कोणाची, ते ठाऊक नाही. बोलायला जमत नाही म्हणून लिहिते, एवढेच समर्थन.

या तमिळ शहरात, तरमणीच्या आमच्या कार्यालयात नवे काम आले. एका मोठ्या सरकारने एका युद्धग्रस्त देशात स्थैर्य आणण्याचे धोरण आखले होते, ते आता सुधारले आहे. त्याचे नकाशे आम्ही काढायचे. जाहीर होईपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही, तशी सही दिली. म्हणून येथेही त्या देशाला क्ष म्हणते. बीजगणितातली सवय.

माझ्या खोलीतली समीरा क्षची आहे. येथे दंतवैद्यक शिकते. मला प्रोफेसर म्हणते. कसले नकाशे काढतेस, असे तिने विचारले. रस्त्यांचे, म्हणाले.

११ जून

मसुदा दोनदा वाचला. भाषा फार सभ्य. ‘माघार’ हा शब्द कोठेही नाही. ‘संरक्षित पट्ट्याचे सुसूत्रीकरण’ आहे. चौक्या कमी होणार, पण अधिक परिणामकारक होणार. पट्टा पूर्वी नदीपलीकडच्या डोंगरापर्यंत होता, आता नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत.

एक चूक सापडली. वळणापाशी नकाशातली रेष नदी ओलांडून पलीकडे गेली आहे आणि त्या काठावरचे एक गाव (य म्हणू) पट्ट्याच्या आत आले आहे. मजकुराशी विसंगत. दहावीला भूगोलाच्या बाई अशा रेषेचे गुण कापत. माझे कधी कापले नाहीत.

आमच्या कार्यालयप्रमुखांना, राघवन सरांना, जाऊन दाखवले. आपण होऊन! ते म्हणाले, डोळे आहेत की भिंग मा? (येथे मुलींना मायेने ‘मा’ म्हणतात.) लगेच तिकडे कळवले.

१२ जून

उत्तर आले, एका ओळीचे. जुनी रेष नजरचुकीने राहिली, मजकुराप्रमाणे सुधारावी, आभार.

मीच सुधारली. आता काठाला अगदी लागून जाते, कोठेही सुटत नाही. सरांनी सर्वांना कॉफी पाजली. परभणीला आईला फोनवर सांगितले की शाबासकी मिळाली. कशाबद्दल, ते नाही.

१४ जून

सकाळी पाण्याच्या लॉरीवरून गलका. नियम असा, की गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच्या घरांनाच या लॉरीचे पाणी. कोपऱ्यापलीकडच्यांची लॉरी वेगळी, ती बहुधा येत नाही. ते आमच्याच रांगेत कुडम, म्हणजे घागरी, घेऊन उभे राहतात, उरले तर मिळते.

आमच्या घरमालकीण अक्का तंजावरकडच्या. त्यांची मराठी आपल्याकडे जुन्या कागदांतच उरली आहे. आज गच्चीवरून कोपऱ्यापलीकडच्या घरांना त्या तमिळमध्ये ओरडून सांगत होत्या, की उद्या एकही लॉरी नाही, आजच कोठून तरी भरून ठेवा. लॉरीवाला त्यांना आदल्या दिवशी फोन करतो. वर बजावतो, की कोणाला सांगू नका, झुंबड उडते.

मग सांगता कशाला, विचारले.

“पाणी मी कोठलें देतें गे? वार्ता देतें. वार्तेस कुडम लागत नाहीं.”

१६ जून

समीरा आज फार खुशीत. राजधानीत गोळीबार वाढला म्हणून तिची आई मावशीकडे राहायला गेली. सुखरूप पोहोचली.

मावशी य मध्ये असते.

समीरानेच आईला तेथे पाठवले. पूर्वी प्रसिद्ध झालेला नकाशा तिच्या फोनमध्ये आहे, तो पाहून. मलाही दाखवला. रेष बोटाने गिरवली, डोंगरापर्यंत.

“बघ प्रोफेसर, आत आहे. तू तर रस्त्यांची माणूस. बरोबर वाचलं ना मी?”

मी म्हणाले, बरोबर वाचलेस.

नकाशा तिने बरोबरच वाचला होता. तो जुना आहे, एवढेच.

जेवण गेले नाही. अक्का म्हणाल्या, मुख कां वाळलें, रसम तरी घे. घेतले.

१८ जून

सरांकडे गेले. समीराचे नाव घेतले नाही, ओळखीतले कोणी, एवढेच म्हणाले. ती रेष होती तशी ठेवता येईल का?

त्यांनी दार लोटले. रागावले नाहीत. म्हणाले, सैन्य आपल्या रेषेवरून चालत नाही मा, आपली रेष त्याच्या मागून चालते. तू दाखवले नसतेस तर दुसऱ्या कोणी दाखवले असते.

कदाचित. पण दाखवले मी.

सोमवारी धोरण जाहीर होईल. त्याच दिवशी य च्या चौक्या उठतील आणि पूल फक्त सैनिकी वाहनांना खुला राहील. म्हणजे ज्यांना अलीकडे यायचे, त्यांनी त्याआधी. हे त्यांना कोण सांगणार, याबद्दल धोरणात काही नाही. शोधले.

मी विचारले, कोणाला आधी कळले तर? सर चष्मा पुसत म्हणाले,

“एकाला सांगितलंस तर गाव पुलावर येईल. पुलाच्या दोन्ही टोकांना बंदुका आहेत मा. मग काय होईल, ते तू सांग.”

सर वाईट मनुष्य नाहीत. ते चूकही बोलत नाहीत. भीती त्याचीच वाटते.

जाताना म्हणाले, आणि हे कार्यालय बंद पडेल, तेही ध्यानात असू दे.

१९ जून

अंतिम नकाशा गेला. ‘तपासणी’ या शब्दापुढे सरांनी माझे नाव घातले. कार्यालयात हा मान समजतात.

सांगितले तर—

न सांगितले तर—

समीरा सांगत होती, आईने मावशीच्या अंगणात कांदा लावला. म्हणजे आता ती हलायची नाही, म्हणाली. हसत होती. माझी वेणीही तिनेच घातली आज, इतक्या पुस्तकी बाईला साधी वेणी येत नाही म्हणून. आरशात तिच्याकडे पाहता येईना.

२० जून

कॉलेजला जाताना समीरा विचारत होती, तू माझ्याशी बोलेनाशी का झालीस. मी कधी फार बोलत होते?

अक्का कुडम घासत होत्या. शेजारी जाऊन बसले. क्षचा उल्लेख न करता विचारले, लॉरीची बातमी सांगितल्यावर झुंबड होऊन कोणाला लागले तर?

त्या हात न थांबवता म्हणाल्या, लागलें कीं. मागल्या उन्हाळ्यांत. कोपऱ्यापलीकडची म्हातारी धक्क्यानें पडली, कंबर मोडली. अजून उठली नाहीं. दुपारीं डबा घेऊन कोठें जातें मी, तुज काय वाटलें?

मला वाटायचे, देवळात.

तरीही सांगता?

“न सांगूं तर तिचे डोळ्यांस डोळा कैसा देऊं? आतां ती शिव्या देते. देऊं दे. पण तीही रोज पुसते, उद्यां लॉरी आहे कां म्हणून.”

मग माझ्याकडे वळून पाहिले. पुन्हा घासू लागल्या.

२१ जून

शनिवार. समीरा सकाळीच कॉलेजच्या दवाखान्यात कामाला गेली. तिच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य नाही, आणि माझे इंग्रजी बोलताना तुटते. लिहिताना तुटत नाही. तिरुवल्लिकेणी स्थानकाच्या बाकावर बसून लिहिले. दोन गाड्या जाऊ दिल्या.

‘आईने य मध्ये राहू नये. आजच पूल ओलांडून अलीकडे यावे. तुझा नकाशा जुना आहे. मला कसे कळले, ते संध्याकाळी समोर बसून सांगेन. मग माझ्याशी बोलायचे की नाही, ते तू ठरव. फक्त आईला सांग.’

येथे रोजनिशीत य, निरोपात गावाचे खरे नाव.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचले. फक्त आईला. म्हणजे मावशीला नाही. मावशीच्या शेजारणीला नाही. पुन्हा मीच रेष ओढत होते, आणि या वेळी मजकूरही माझाच. सरांच्या बंदुका डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आई एकटी निघाली तर पूल शांत असेल. सगळे निघाले तर—

‘फक्त’ खोडले. मग पूर्ण वाक्यच खोडले. त्या जागी लिहिले: ‘कोणाकोणाला सांगायचे, ते आईला ठरवू दे. पुलावर गर्दी करू नका, थोडे थोडे निघा.’

हे ऐकतील का, ते मला कळणार नाही.

पाठवले. २१ जून, सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटे.