शेतातल्या समाधीने अडवलेली सोयरीक

ती. सौ. बेबीनंदाताई यांस, जालन्याहून तुमच्या भावजयीचा, सुहासिनीचा, वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलंय आणि तुम्ही भोकरदनमध्ये गच्चीवर पापड वाळवताय, अशी पक्की खबर आहे. इकडे आम्ही सगळे मजेत. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.) फोनच केला असता, पण तुमचे धाकटे बंधू मार्तंडराव (कागदावर नाव घेतलं तर चालतं म्हणे) रिटायर झाल्यापासून सतत माझ्या शेजारी असतात, आणि तक्रार त्यांचीच आहे.

त्यांना पूर्वज शोधायचा नाद लागलाय. सुरुवात झाली ती इथल्या जुन्या गोऱ्यांच्या कब्रस्तानात. तिथे फिरायला गेले आणि चेहरा पाडून परत आले. म्हणाले, बघ, कुठल्या कोण कप्तानाच्या दगडावर बाप, बायको, पोरं, कुठल्या तापाने गेला, सगळं कोरलंय. आणि मला माझ्या पणजोबाचं नाव माहीत नाही. (कप्तानाच्या धाकट्या मुलीला देवी आल्या होत्या, हे आता मलाही पाठ आहे.) आपल्यात कबरी नाहीत, पण शेतातल्या समाध्या आहेत ना, म्हणून हे टूथब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन बांधाबांधाने हिंडायला लागले. शहागडला हायवेच्या कडेचा एक दगड घासून घासून लख्ख केला, तर आतून किलोमीटरचा आकडा निघाला. ट्रकवाले गाडी थांबवून हात जोडत होते. मी म्हटलं, असू दे, पत्ते खेळण्यापेक्षा बरं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या निवेदिताचं जमलंय, हे तुमच्या कानावर आहेच. मुलगा कल्याण, तिच्याच ऑफिसातला, पिंपळगाव रेणुकाईच्या पाटलांचा. मुलांनी एकमेकांना पसंत केलं, आडनावं वेगळी (आपण पडूळ, ते पाटील), म्हणून कुणी खोलात शिरलं नाही. परवा आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. घरात सगळं चालतं ते कल्याणच्या आजीच्या, गोजरबाईंच्या शब्दावर. बाई एकदम कडक, पण निवेदितावर खूश. पुरणपोळी वाढेपर्यंत सगळं बराबर होतं. मग ह्यांनी चिमूटभर पीठ मागितलं. गोजरबाईंना वाटलं, पाहुणे देवभोळे आहेत, मुंग्यांना घालणार. त्यांनी कौतुकाने वाटीभर दिलं.

हे थेट त्यांच्या शेतातल्या समाधीपाशी. वरचा शेंदूर खरवडला, पीठ चोळलं (पीठ खाचेत बसलं की अक्षरं उठून दिसतात, ही यांची विद्या) आणि पांढऱ्या हातांनी नाचत परत आले. भरल्या बैठकीत म्हणाले, दगडावर तुकोजी बिन रघोजी पडूळ, म्हणजे रघोजीचा मुलगा तुकोजी, असं लिहिलंय! आमचे आजोबा मूळपुरुष म्हणून ज्या तुकोजीचं नाव घ्यायचे, तोच! आणि पाटील मंडळी दर लग्नाआधी त्या समाधीला मूळपुरुष म्हणून नैवेद्य दाखवतात. म्हणजे हे पाटीलही मूळचे पडूळच, पाटीलकीमुळे आडनाव बदललं. आपण सगळे एकाच घरचे!

हसत होते ते एकटे हेच. गोजरबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. “मंग तं पोरगा-पोरगी भाऊ-बहीण झाले की वो! असं लगीन कसं लावावं? बिलकुल न्हाई.”

आम्ही पोळी अर्धी टाकून उठलो. तेव्हापासून निवेदिता बापाशी बोलत नाही. हे म्हणतात, जे दगडावर आहे ते नाही कसं म्हणू? मी चिडून बोलायला गेले, तर ह्यांचे डोळे भरलेले. ताई, वडील गेले तेव्हा हे किती लहान होते, ते तुम्हीच पाहिलंय. घराण्याचं सांगणारं कुणी उरलंच नाही. पिठाचे पांढरे हात घेऊन बैठकीत उभे होते तेव्हा इतके आनंदात होते की मला माझ्या रागाचीच लाज वाटली. पण लेकीचा चेहराही बघवत नाही.

असो. पापड वाळले की आमचे ठेवा.
तुमची,
सुहासिनी

ता. क. पापडांचं राहू द्या. पत्र मिळाल्या मिळाल्या पिंपळगावला जा आणि गोजरबाईंना सांगा की आपला तुकोजी वेगळा, गोदावरीपलीकडचा. तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत (माझ्या स्वयंपाकाचं कौतुक सोडून), हे तुमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या मानतील.

दुसरा ता. क. थांबा, जाऊ नका! पाकीट बंद करणार तोच गोजरबाईंचा फोन. म्हणाल्या, “रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. पोरगा जेवून न्हाई राह्यला. सकाळीच दगडाला शेंदराचा जाड थर देऊन आले. आता काय लिवलंय ते देवाला ठावं. इहिणबाई, पोरीला आणा, पण पाहुण्याला पीठ देनार न्हाई.” मी भीतभीत ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला टूथब्रश खाली ठेवला. मग विचारलं, “यापुढे त्या समाधीला नैवेद्य दाखवायला निवीच असेल ना?” मी म्हटलं, हो. “मग असू दे,” म्हणाले आणि स्वतः उठून तिच्या खोलीचं दार वाजवलं.