होय, मी चर्चला गेले होते

काळेवाडी,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. बुद्धरत्न यास आईचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक आहे. गुडघा दुखतो, नळाला दिवसाआड पाणी येतं, दोन्हीची सवय झाली. मिनल आणि बाळ बरे असतील. तुझी चाकणची नाइट शिफ्ट संपली का? फोन तू उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते. पिंपळे सौदागरला येऊन सोसायटीच्या वॉचमनकडे देईन. वर येणार नाही. सुनेसमोर तमाशा नको.

विहार समितीच्या उद्धवरावांनी सगळ्यांना सांगितलं, "शालनबाई बाटल्या, चर्चमध्ये खाऊन आल्या." तुझ्यापर्यंत पोचलंच असणार. मग आता माझ्याकडून ऐक. होय, मी गेले होते. तुझी बहीण अंजली लग्न होऊन ज्या घरी जाणार, ती माणसं रविवारी कुठं बसतात, काय म्हणतात, हे आईनं बघायचं नाही तर कोणी बघायचं?

पायरीशी चपला काढल्या, तर बाकीचे घालूनच आत. होणाऱ्या जावयाची, सनीची आई सुमनताई म्हणाल्या, "घाला हो, इथं चालतं." हाताला धरून बाकावर बसवलं आणि त्या गाणाऱ्यांत जाऊन बसल्या. दाराशी पाण्याचं भांडं असतं, त्यात बोट बुडवून लोक कपाळाला, छातीला, खांद्यांना लावतात. मी नाही लावलं. कोणी विचारलंही नाही. मिस्सा म्हणतात त्या प्रार्थनेला. सगळी मराठीत, पेटी-तबल्यावर गाणी. ऊठ-बस मात्र फार. सगळे उठले की उठायचं, त्यांनी गुडघे टेकले की आपण नुसतं बसलं तरी चालतं. मध्येच सगळे वळून एकमेकांना हात जोडतात, "शांती असो" म्हणतात. पुढच्या बाकावरची बाई मला म्हणाली. मी म्हटलं, "जय भीम." ती हसली.

मग झाली गडबड. लोक रांगेनं पुढं निघाले. मला वाटलं आपण विहारात पौर्णिमेला खीर वाटतो, त्या खीरदानासारखं असेल, नको म्हणणं बरं दिसत नाही. सांगायला शेजारी कोणी नव्हतं. फादरांनी हातावर पांढरी पातळ चकती ठेवली. मी ती पदराच्या टोकाला बांधली आणि वळले. तेवढ्यात एक माणूस मागून आला. "ताई, ते परत द्या."

माझं डोकंच फिरलं. तुझ्या आजीच्या ओंजळीत गावात पाणी वरून ओतायचे, ते सगळं डोळ्यांपुढं आलं. मी म्हटलं, "का? माझा हात लागला म्हणून?" सगळं चर्च ऐकत होतं. म्हटलं, ऐकू दे.

फादर स्वतः खाली आले. वसईकडचे आहेत, तुझ्याच वयाचे. म्हणाले, "आई, हाताचा प्रश्नच नाही. हे आम्ही येशूचं शरीर मानून खातो. तुम्ही तसं मानत नाही. मग तुम्हाला खायला लावणं म्हणजे तुमच्याकडून खोटं वदवून घेणं. पुढच्या वेळी बाकावर बसून राहा, नाहीतर हात छातीशी घेऊन या, मी आशीर्वाद देईन." मी गाठ सोडली. त्यांनी माझ्या पदरातली ती चकती उचलली आणि तिथंच, माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडात टाकली.

माझ्या पदरातली, बुद्धरत्ना. सकाळी भांडी घासून त्याच पदराला मी हात पुसले होते. मी बाकावर बसले आणि रडले.

तेव्हा उद्धवरावांना सांग, खाल्लं तर मी नाहीच. आणि बांधून कोणासाठी ठेवली होती, तेही ऐक. तुझ्यासाठी. कुठं काही हातावर पडलं की अर्धं तुझ्यासाठी आणायची खोड आहे मला. तू बोलत नाहीस तरी ती गेलेली नाही.

काल परत गेले. बाकावर बसून राहिले. वाटलं तर पुढच्या रविवारीही जाईन, तुला विचारणार नाही. मी बौद्ध आहे, घरात रोज वंदना होते. अंजलीही धर्म बदलत नाही, तशी परवानगी सनीनं बिशपांकडून आणली आहे. पोराबाळांचं काय ते दोघं बघतील. आजीला ज्यांनी दारात अडवलं त्यांचा राग मला कळतो. मला हाताला धरून आत नेणाऱ्यांचा तू राग का करतोस, ते काही मला कळत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. एवढा वेळ टाळत होते. २९ तारखेला, शनिवारी लग्न आहे. तिथं नवरीला दारापासून वेदीपर्यंत बाप घेऊन जातो. तुझे पप्पा नाहीत. अंजली अजून म्हणते, "दादा येईल." तू तर म्हणून बसलास की त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. सुमनताई म्हणाल्या, आमचे भाऊजी नेतील. मी म्हटलं, नको. फादरांना विचारलं, विधवा आईनं नेलं तर चालेल का? ते म्हणाले, "का नाही चालणार?"

मग ठरलं. पांढरी साडी नेसून भर चर्चमधून मीच तिला नेणार. विहारातल्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, तूही म्हण. दारात तुझी वाट बघत मी तिला उभी ठेवणार नाही. पण अंजलीला हात दोन आहेत, आणि मी त्यातला एकच धरणार आहे.

तुझी, आणि तितकीच तिची,
आई