न चढलेला जिना

रविवार, ६ एप्रिल २०२५

तळेगावला सुखरूप पोचलो. रामनवमीची गर्दी, एसटीत उभं राहावं लागेल म्हणून रात्रभर झोप नव्हती, पण एका बाईनं पोराला मांडीवर घेऊन मला जागा दिली. स्टँडवर पोहे खाल्ले. तर्री कमी घाल म्हटलं तर पोहेवाल्यानं दोन पळ्या जास्तच घातली. छातीत थोडं जळजळतंय, पण मन खूश आहे. एकाहत्तराव्या वर्षी कोण कामावर पाठवतं माणसाला?

काम माझ्या नातीचं. चंचल सावंगीला नर्सिंग शिकते आणि फोनवर कादंबऱ्या लिहिते. प्रेमाच्या, पण त्यात भीती आणि रहस्यही. रोज एक भाग, वाचणारे हजारो. तिचा नियम असा की माणसं मनातली, जागा मात्र खरी. ड्युटीमुळे तिला फिरता येत नाही, म्हणून जागा मी पाहतो, वहीत उतरवतो आणि पानांचे फोटो तिला पाठवतो. पुलगावचा पूल मीच पावलांनी मोजला होता. आईबाप गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून मला ती आणि तिला मी.

या वेळची जागा म्हणजे गावाबाहेर संत्र्याच्या बागेतला बंद बंगला. मालक नागपूरला. किल्ल्या रुख्माबाईकडे, ती शेजारीच राहते. मला खालची पुढची खोली दिली आहे.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळपासून खालचा मजला लिहिला. फरशी लाल, मधे तडा गेलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विहीर दिसते. भिंतीला कान लावला तर विहिरीवरच्या मोटारीची घरघर ऐकू येते. रुख्माबाई दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, "काऊन हो भाऊ, पिच्चर काढून राह्यले काय इथं?"

मग जिना आला. बाहेरून वर जाणारा, उभा, कठडा नसलेला. माझे गुडघे पाहता चढणं जमेना. घसरलो तर चंचलला सुटी काढून यावं लागेल, परीक्षा जवळ आहे. खालच्या पायरीवर बसलो आणि वरचं न पाहताच लिहिलं.

ही जुनी खोड. वनखात्यात नोकरी केली तेव्हा पावसापाण्यात फिरती न करताच फिरती लिहायचो. अमुक नाल्यापर्यंत गेलो, सगळं ठीक. आम्ही सगळेच लिहायचो. कुणाचं काही बिघडलं नाही.

लिहिलं ते असं. वर एकच खोली. निळं दार, कडी बाहेरून. आत लोखंडी खाट. खिडकीला गज. भिंतीवर ओलीचा डाग, माणूस टेकून उभा राहिल्यासारखा.

फोटो पाठवले.

बुधवार, ९ एप्रिल

चंचल फार खूश. म्हणते, आबाजी, खालचं राहू द्या, वरच्या खोलीनंच कथा पेटली. तिच्या नायिकेला, सुरभीला, तिनं कालच्या भागात त्या खोलीत कोंडलं. ज्याच्यावर प्रेम त्यानंच कडी लावली, का ते वाचणाऱ्यांना कळत नाही. आता तिला खोलीचा फोटो हवा आहे.

रुख्माबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, वर काय आहे. म्हणाली, "वर काईच नाई, भाऊ. मोकळी गच्ची हाय. मी कुरड्या वाळू घालतो तिथं."

आता पोरीला काय सांगू? चार हजार लोकांनी त्या खोलीच्या भागाखाली शेरे लिहिले आहेत. खोटं पडेल ते तिचं पडेल, माझं नाही. उद्या जिना चढतो, गच्ची पाहतो आणि खरं सांगून टाकतो.

गुरुवार, १० एप्रिल

दुपारी बारा वाजता बसत बसत चढलो.

वर निळं दार होतं.

कडी काढली. खाट. गज. भिंतीवर डाग, टेकून उभ्या माणसासारखा. मी लिहिलं तेवढंच होतं. जे लिहिलं नव्हतं ते नव्हतं. छत लिहायचं राहिलं होतं. वर पाहिलं तर काहीच नव्हतं. आभाळही नव्हतं.

खाली कसा आलो आठवत नाही. रुख्माबाईला वर नेलं. मला खोली दिसत होती आणि ती त्या खोलीच्या मधोमध वाकून कुरड्यांची धोतरं पसरत होती. डागातून हात आरपार गेला तिचा. म्हणाली, "ऊन लागलं तुमाले. कांदा ठेवा खिशात."

शुक्रवार, ११ एप्रिल

वहीतलं त्या खोलीचं पान फाडलं. खोली तशीच आहे. नवीन पानावर लिहिलं की वर मोकळी गच्ची आहे. वर जाऊन पाहिलं, खोलीच. एकदा पाहिलेलं आता लिहून बदलत नाही, असं दिसतं. न पाहता लिहिलं तेच उभं राहतं.

आजचा भाग वाचला. सुरभी दारावर आतून नखं ओढते आणि आजोबांना हाका मारते. मी चंचलला फोन करून विचारलं, आजोबा कुठून आले. हसली. म्हणाली, "मी सुरभीले माह्यासारखीच लिवून राह्यली, आबाजी. आवाज माहा, बोलणं माहं. तिलेबी एक आबाजी देल्ले."

दुपारी वरून खरवडल्याचा आवाज आला. बराच वेळ.

मग हाक आली. आबाजी. चंचलच्या आवाजात.

मी गेलो नाही. देवा, मी गेलो नाही.

शनिवार, १२ एप्रिल

चंचल उद्या येते. फोटो मिळत नाही म्हणून स्वतः पाहणार, खाटेवर बसून शेवटचा भाग लिहिणार. मी सगळं कबूल केलं. खोली नव्हती, मी खोटं लिहिलं, आता आहे, येऊ नको. पाया पडतो म्हटलं. ती म्हणाली, "नव्हती तं लिवली कशी? तुमी आजारी हा आबाजी, मी घ्याले येतो तुमाले."

म्हणजे आता माझ्यासाठी येते.

मीच निघून जावं, स्टँडवरच तिला अडवावं. दोनदा पिशवी उचलली. दोन्ही वेळा वरून रडणं सुरू झालं. पाय निघत नाही. ती खोटी आहे हे माहीत आहे. पण मी लिहिलेल्या खोलीत कोंडली आहे आणि रडणं माझ्या पोरीचं आहे.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी दहा. पहाटे वरचं रडणं थांबलं तसा निघालो, तेव्हापासून स्टँडवर होतो. तिची बस आलीच नाही. परत आलो तर तिच्या चपला जिन्याखाली. रुख्माबाई म्हणते, मोटरसायकलवर कुणासोबत तरी आली, हसत हसत दोघं वर गेली, उतरला तो एकटाच.

चढलो. गच्ची. नुसती गच्ची, कुरड्या, ऊन. मला आता खोली दिसत नाही. आवाज येतो. दार लागलं आबाजी. कडी बाहेरून आहे आबाजी. हात फिरवतो तिथं हवा —

रुख्माबाई गावात धावली. कोण येऊन काय पाहणार.

अकरा. खालच्या पायरीवर बसलो आहे. पाठ जिन्याकडे. न पाहता लिहिलेलंच उभं राहतं. वळायचं नाही. लिहायचं.

कडी गंजलेली आहे. कडी तुटते. निळं दार उघडतं. चंचल बाहेर येते. चंचल जिना उतरते, पाय सांभाळून, भिंतीला धरून —

वर दार वाजलं.

पावलं. येते आहे. पोरी ये. हळू ये —

एकीची पावलं नाहीत.

दोघी आहेत. दोघी माझ्या मागं थांबल्या. दोघी आबाजी म्हणतात. एकच आवाज, एकच रडं. एक म्हणते आबाजी ही सुरभी हाय, मी नाई. दुसरीही तेच —

वळून पाहिलं तर जे दिसेल ते कायमचं. आधी लिहायला पाहिजे. चुकायचं नाही. माझी कोणती ते न पाहता —

खांद्यावर हात ठेवला एकीनं.

माझी चंचल ती, जी