चष्मा काढून पाहिलेलं हसू

धुळे, मंगळवार, ऑक्टोबर १९९३

पारोळ्याचे पाहुणे मला बघायला येण्याआधी चष्मा घालवायचं ऑपरेशन करून घे, असं आई आज पुन्हा म्हणाली. डोळ्यावर बारीक चिरा देतात म्हणे. करावं का? माहेरी आलेल्या अक्काला विचारलं. तिला बघायला आले होते, तेव्हा आईने तिचा चष्मा काढून ठेवला होता.

"समोर सगळं धुरकट होतं," अक्का म्हणाली. "वाटलं, हा माणूस हसतोय. म्हणून हो म्हटलं."

ते हसू संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही.

"मग दाजी हसत नव्हते?" मी विचारलं.

ती चष्मा पुसत राहिली. "करून घे ऑपरेशन. निदान तुला समोरचा दिसेल."

दाजींना हसताना मीही कधी पाहिलेलं नाही. आणि मी तर चष्मा कधी काढत नाही.